पत्ता अपुरा

विलायतेचं ते पाकीट
तीन दिवस माझ्या पिशवीत फिरलं.
'थॉर्नली कुटुंब, कॅम्प, बेळगाव.'
घर नंबर नाही, गल्ली नाही.
अठ्ठावीस वर्षं कॅम्पात टपाल वाटतोय,
इथली कुत्रीसुद्धा मला नावानं ठाऊक.
थॉर्नली कुणी नाही.

म्हणजे एक आहे, पण तो दगडावर.
गोऱ्यांच्या जुन्या कबरस्तानात, निलगिरीखाली,
पलटणीतल्या घोड्यांचा डॉक्टर, तापानं गेलेला.
नावाच्या शेवटच्या अक्षरांवर शेवाळ.
त्याच्या हातात काय देणार?

शिक्का काढला होता, 'पत्ता अपुरा'चा.
शाई वाळलेली, म्हणून राहिलं.

खानापूर रोडला मोटर वाइंडिंगचं दुकान,
डेरिक तोरणहळ्ळी.
त्याची लाईटबिलं, विम्याच्या नोटिसा
वर्षानुवर्षं मीच टाकतो.
गिऱ्हाईक विचारतं, "चिकोडीकडचे काय तुम्ही?"
तो म्हणतो, "होय की."
खरं सांगायचं तर मोटर जळायची तशीच राहील.

त्या दिवशी पाकीट बघून
तांब्याची तार त्यानं खाली ठेवली.
"आमचंच हे," म्हणाला.

आजोबा रेशन ऑफिसात गेलेले.
कारकुनानं विचारलं, हेसरू?
थॉर्नली, म्हणाले आजोबा.
कारकुनाचा जन्म गेला हळ्ळ्या लिहिण्यात:
मुचंडी सोडली की हळ्ळी, नदी ओलांडली की हळ्ळी.
'ली' कानावर पडताच हात आपोआप वळला.
आजोबांनी कार्ड उलटंसुलटं बघितलं,
"साखर मिळणार ना?" विचारलं,
आणि सही केली.

पत्र एका म्हाताऱ्या बाईचं. थॉर्नली गोळा करते ती,
जशी कुणी काडेपेट्या करतं.
डेरिक वाचत होता, मी ऐकत होतो.
थॉर्न म्हणजे काटा. ली म्हणजे रानातली मोकळी जागा.
काटेरी झुडपांत कुणीतरी जमीन साफ केली,
चार घरं बांधली.
मग त्यातला एक उठून दुसऱ्या गावी गेला.
तिथं लोकांनी विचारलं, कुठला रे तू?
ते त्याला चिकटलं.
पुढं कोळशाच्या खाणीत, जहाजावर,
कुणी शेवटी एक अक्षर जास्त लावलं, कुणी गाळलं.
तिच्याकडं यादी आहे. बेळगावपुढं प्रश्नचिन्ह.

मी म्हटलं, म्हणजे काटेमाळकर की तुम्ही!
तो हसला नाही. तारेचे वेढे मोजायला लागला.

माझं म्हणाल तर कडोलीत कडोलकर एकही नाही.
तिथं आम्ही विहिरीकडचे.
आजा मागावर कामाला वडगावात आला
तेव्हा कुणीतरी हजेरीपुस्तकात 'कर' लावला.
चुलता गोकाकच्या गिरणीत गेला.
तिकडं गावच आधी लिहितात, मागं माणूस:
कडोली मल्लाप्पा.
त्याच्या पोरांना 'कर' नाही.
एका आजाची नातवंडं आम्ही,
लग्नपत्रिकेत मात्र वेगवेगळ्या घरची.
बोर्डावर कुठली लिपी हवी यावर
चौकात दगड पडले, तेव्हा
दोन्हीकडं आमचीच पोरं होती.

गेल्या साली जत्रेला कडोलीला गेलो.
विहीर बुजवलेली. वर पाण्याची टाकी.
एक पोरगं सायकल आडवी घालून म्हणालं,
"बेळगावकर आलेत रे!"
मी मागं वळून बघितलं, कोण आलंय म्हणून.

पंधरा दिवसांनी डेरिकनं उत्तर दिलं.
आत काय लिहिलं, विचारलं नाही मी.
पाकीट तोललं, तिकिटं लावली.
पाठवणाऱ्याच्या जागी फक्त
'डेरिक, वाइंडिंगवाला, खानापूर रोड.'
"आडनाव?" म्हटलं.
"अडतंय काय त्यानं?" म्हणाला तो,
"तूच आणून देणार ना?"

मला पुढच्या मार्चला रिटायर व्हायचंय.
ते त्याला सांगायचं राहिलं.